नर रेडकाचा रकाना

कोणत्याही जिवाची योग्यता त्याच्या कर्तृत्वावरून ठरत नाही. तो कोणत्या नोंदवहीत, कुणाच्या नावाखाली लागला आहे यावरून ठरते. वाघ मोठा खरा, पण नोंदीत तो मांजराच्या घराण्यातला आहे आणि त्याबाबत त्याला कुणी विचारलेलं नाही. माणसाची नोंद आजवर माणसानेच केली असल्यामुळे ती चांगली होती. म्हणजे गेल्या फाल्गुनापर्यंत.

मी झांखरपुरा दूध मंडळीचा मंत्री. आमच्या खेडा जिल्ह्यात मंडळीच्या कारकुनाला मंत्री म्हणतात. (इतर मंत्र्यांपेक्षा फरक एवढाच, की मला लोक दिवसातून दोनदा भेटतात आणि फॅट कमी लागलं की तोंडावर बोलतात.) एकतीस वर्षं मी भरलेला एकही रकाना वरून परत आलेला नाही. हे सांगायचं कारण म्हणजे पुढे जे घडलं त्यात माझ्या अक्षराचा भाग मोठा आहे.

त्या मंगळवारी सकाळी सहाच्या संकलनाला बायकांच्या रांगेत एक पाहुणा उभा राहिला. उंची दुधाच्या दीड कॅनएवढी, रंग राखाडी, अंगावर कपडा नाही, केस नाही आणि बेंबीही नाही. पुढे मंछाबा उभी होती. वय अठ्ठ्याहत्तर, हातात चरवी. तिने वळून पाहिलं आणि म्हणाली, "भाई, नवा दिसतोस. भांडं घेऊन यायचं असतं. आणि रांग मागून लागते."

तो निमूट मागे गेला. यावरून गावाने ठरवलं की माणूस परका आहे, पण सज्जन आहे.

पाहुणा फार लांबून, म्हणजे आकाशातून आला होता. हातात फॉर्म होता. सगळं गाव दिवसातून दोनदा जिथे भांडी घेऊन जमतं ते राज्यकारभाराचं ठिकाण असणार, अशा समजुतीने तो मंडळीत आला होता. (निवडणुकीच्या दिवसांत ही चूक इतरांचीही होते.) त्याच्या गळ्यातली डबी रेडिओवरच्या बातम्यांसारखं शुद्ध बोलायची. नर की मादी ते कळेना, म्हणून आम्ही त्याला साहेब म्हणू लागलो.

साहेबांच्या खात्याची यापूर्वीची पाहणी साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झाली होती. त्या अहवालात या भागाबद्दल लिहिलं होतं: 'रहिवासी भव्य, अंडी घालणारे, सुस्थितीत. दगडांखाली केसाळ असं काहीतरी हिंडतं. दुर्लक्ष करावं.' भव्य रहिवासी नंतर दगड झाले, ते आमच्याकडे बालासिनोरच्या बाजूला अजून निघतात. आपण सगळे त्या शेवटच्या दोन वाक्यांचे वंशज आहोत. हे साहेबांनी सांगितलं तेव्हा मंडळीचे प्रमुख फुलाभाई खुर्चीत जरा सरळ बसले. त्यांचे आजोबा गावचे मुखी, म्हणजे पाटील, होते आणि दगडाखालची गोष्ट घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

आठवडाभर साहेबांनी आमची तपासणी केली. काही नोंदी मी नक्कल करून ठेवल्या आहेत. अंगावरचे केस बहुतेक गळाले आहेत. जे उरले ते पैसे देऊन कापून घेतात आणि डोक्यावरचे गळाले की शोक करतात. कानातली तीनपैकी दोन हाडं पूर्वी जबड्यात होती, तिथून बदली होऊन वर आली. (कमिटीच्या बैठकीत गाठिया आल्यावर कुणाला काही ऐकू का येत नाही, हे मला तेव्हा उमगलं.) शरीर बारा महिने आतून गरम ठेवतात, वैशाखातसुद्धा, आणि मग पंख्याखाली बसतात, त्याच खोलीतली पाल दोन दिवसांत एक किडा खाऊन समाधानी असते. दूध हा मुळात घामाचाच सुधारलेला प्रकार आहे. पुरुषांच्या छातीवरही दोन जागा मंजूर आहेत, परंतु कामकाज नाही.

या शेवटच्या नोंदीला फुलाभाईंनी हरकत घेतली. मी त्यांना समजावलं, की आपल्या कमिटीत उपप्रमुखाचं पद चाळीस वर्षं असंच चालू आहे आणि त्याने कुणाचं काही अडलेलं नाही.

अडलं ते रकाना क्रमांक एकवीसला. 'पिलू कोणत्या वयात दूध सोडतं?'

मी एकतीस वर्षं खरं लिहीत आलो आहे. उंदीर तीन आठवडे, मांजर दोन महिने, म्हैस दहा महिने. माणूस म्हटल्यावर माझी लेखणी थांबली. समोर मंछाबा ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होती.

साहेबांनी विचारलं, "आपण अद्याप पिता?"

"दिवसातून चार वेळा," मंछाबा म्हणाली. "दात गेले, चहा नाही सोडला."

"हे दूध आपल्या मातोश्रींचं आहे?"

"आई जाऊन पन्नास वर्षं झाली रे बाबा. हे माझ्या चांदरीचं. म्हशीचं."

साहेबांनी फॉर्म उलटून मागची बाजू काढली. मग त्यांनी नियम चौदा वाचून दाखवला: दूध देणारी ती माता, पिणारं ते पिलू, आणि न सोडणारं ते अज्ञान पाल्य. चार हजार ग्रहांवर हा नियम लावला होता, कुठेही भांडण झालं नव्हतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, दात पडून गेल्यावर, दुसऱ्या घराण्यातल्या आईचं दूध आलं घालून पिणारा जीव त्यांनी प्रथमच पाहिला. त्यांच्याकडे अंड्यातच आयुष्यभराची शिदोरी असते. कुणी कुणाला पाजत नाही आणि कुणी कुणाची वाट पाहत नाही. माणूस ही स्वतंत्र जात नसून म्हशीचं न सुटलेलं पिलू आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्यांना मान्य असेल त्यांनी सही करून पाल्याचा दाखला घ्यावा.

कुणाला वाटेल गाव चिडलं. गावाने आधी कलमं वाचली. अज्ञान पाल्यावर समन्स बजावता येत नाही. त्याच्यावर कामाची सक्ती करता येत नाही. त्याने काही केलं तर जबाबदारी मातेवर राहते. आमच्या गावातल्या पुरुषांची तीन पिढ्यांची हीच मागणी होती, फक्त ती कुठल्या खात्याकडे करायची ते ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांत चारशे तेरा दाखले निघाले. पहिला माझा. (ओळखीचा फायदा घेतला नाही, फॉर्म माझ्याच टेबलावर होते.) लगेच कोण कुठल्या म्हशीचा यावरून वाद सुरू झाले. फुलाभाईंच्या गोठ्यातली म्हैस पाच लिटरची, म्हणून त्यांनी कमिटीतल्या पशीभाईंच्या चौदा लिटरवालीवर हक्क सांगितला. पशीभाई म्हणाले, "काका, माझ्या आईला हात लावू नका." सोयरिकीची बोलणी करायला आलेले लोक मुलाच्या मातेचं फॅट विचारू लागले. सहा पॉइंट आठच्या खालच्यांना मुली मिळणं कठीण झालं.

बायकांनी एकही दाखला घेतला नाही. सही करायची वेळ सकाळी सहा ते आठ होती आणि तेव्हा त्यांना धारा काढून रांगेत लागायचं असतं. मंछाबाला मी घरी जाऊन विचारलं. ती म्हणाली, "मंत्रीभाई, मला माझी आई होती. नाव सूरज. तुम्हाला नव्हती का?"

मी विषय बदलला.

गुरुवारी साहेब रकाना क्रमांक बावीस घेऊन आले. 'नर पिलाबाबत स्थानिक प्रथा काय?' खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की पाल्यांना मातेच्या इतर नर पिलांप्रमाणेच वागणूक मिळेल. स्थानिक प्रथेत खातं ढवळाढवळ करत नाही. अंमल दाखल्याच्या क्रमाने.

इथे आमच्या प्रथेबद्दल गैरसमज नको. आमचं गाव दयाळू आहे. दर अमावास्येला बायका वेशीबाहेर मुंग्यांना पीठ-साखर घालतात. पक्ष्यांसाठी चबुतरा आहे. रेडकू मारण्याचा विचारही इथे कुणाच्या मनात येत नाही. पारडी झाली तर ती उद्याची म्हैस, तिला पाजतात. नर झाला तर त्याला पान्हा सुटेपर्यंत दोन घोट लावतात, मग ओढून मागे बाभळीला बांधतात. तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आपला आपण जातो. मग त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीसमोर ठेवतात, म्हणजे ती चाटते आणि दूध देत राहते. आम्ही मारत नाही. फक्त पाजत नाही.

हे सगळं एका ओळीत बसत होतं. मी लेखणी उचलली आणि माझ्या लक्षात आलं की दाखला क्रमांक एक माझा आहे.

कमिटीची तातडीची बैठक झाली. गाठिया आणले नव्हते, त्यामुळे सगळ्यांना सगळं ऐकू आलं. पशीभाईंनी दाखले परत करायचं सुचवलं, पण त्यासाठी मातेची संमती लागत होती. फुलाभाईंचा आवाज इतका मऊ मी आजवर ऐकला नव्हता. "मंत्री, सोमवारी साहेब गोठा बघायला येणार. तोपर्यंत प्रथा बदलता येईल?"

"बदलता येईल," मी म्हणालो. "पण ती पहिल्यापासूनच होती असं दिसायला हवं."

एकमताने ठराव झाला: या गावात नर रेडकाला पोटभर पाजण्याची पुरातन प्रथा असून ती आज दुपारपासून लागू करण्यात येत आहे.

त्या चार दिवसांत मंडळीचं दूध निम्म्यावर आलं. ज्यांनी आयुष्यात गोठ्यात पाऊल टाकलं नव्हतं ते पुरुष मांडीवर रेडकाचं डोकं घेऊन बसले. फुलाभाईंनी एकाला तूप-गूळ चारला, त्याला हगवण लागली आणि फुलाभाई दोन दिवस जेवले नाहीत. माझ्या दाखल्यावर माता म्हणून चांदरी होती, त्यामुळे मीही रोज मंछाबाकडे जायचो. चांदरीला अकरा दिवसांचा नर होता. त्याच्या बरगड्या मी बोटाने मोजायचो, आणि मोजता येत होत्या याची मला भीती वाटायची.

सोमवारी साहेब आले ते थेट चांदरीच्या गोठ्यात. मागे चारशे तेरा पुरुष, धुतलेले कपडे घालून. रेडकू सुटलं, धावत जाऊन कासेला भिडलं, ढुशा मारून पिऊ लागलं. तोंडाला फेस आला. चांदरी मागे वळून त्याची पाठ चाटत होती.

"जन्मापासून असंच पाजतो, साहेब," फुलाभाई म्हणाले. "आमची परंपरा आहे."

साहेबांनी लिहून घेतलं. खोटं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते आईपाशी शिकायचं असतं, आणि त्यांना आई नव्हती. मी सुटकेचा श्वास सोडणार एवढ्यात ते मंछाबाकडे वळले. "माता, हे खरं?"

मंछाबाने आमच्याकडे एकवार पाहिलं. चारशे तेरा पुरुष तिच्या तोंडाकडे बघत होते.

"नाही रे," ती म्हणाली. "हा चांदरीचा पाचवा. आधीचे चार गेले. मीच ओढून बांधायची. ते ओरडायचे, ही दाव्याला हिसके द्यायची, आणि मी चरवी भरून मंडळीत जायची. वाईट वाटायचं. वाटायचं आणि जायची. हा गुरुवारपासून पितोय, कारण आता यांच्या जिवावर बेतलंय."

जो तो शेजाऱ्याच्या मागे सरकू लागला. मी कॅनला धरलं.

साहेब मात्र रेडकाकडेच बघत होते. त्यांनी विचारलं, "ते बदल्यात तिला काय देतं?"

"काही नाही."

"मग ती का देते?"

मंछाबा साहेबांच्या जवळ गेली. त्यांच्या पोटावर, जिथे बेंबी असते त्या जागी, तिने हात ठेवला. "तुला कुणी पाजलं नाही ना," ती म्हणाली. "तुला नाही कळायचं. थांब, चहा टाकते."

साहेबांनी चहा घेतला नाही. नियम चौदा त्यांनाही लागू होता. पण ते नाही म्हणाले तेव्हा डबीतला आवाज पहिल्यांदा बातम्यांसारखा वाटला नाही.

रकान्यात त्यांनी लिहिलं: 'गुरुवारपासून पाजतात.' शेरा मारला: 'पाल्याला त्याच्या मातेच्या नर रेडकाइतकंच मिळेल. तपासणी दरमहा, पूर्वसूचनेशिवाय.' त्यामुळे आमच्या गावातली नर रेडकं सध्या जिल्ह्यात सर्वांत धष्टपुष्ट आहेत आणि फुलाभाई आपल्या रेडकाला रोज दोनदा वजनकाट्यावर चढवतात. सगळे सुखात आहोत. म्हशीसुद्धा.

जाताना साहेबांनी मला विचारलं, "उरलेलं दूध कुठे जातं?" मी खरं तेच सांगितलं: टँकरने शहरात, तिथून पिशवीत, तिथून घरोघरी. त्यांनी पत्ते मागितले. ज्यांना पत्ते नव्हते त्यांची नावं मागितली. मी म्हटलं, "साहेब, ते पिशवीतलं पितात, त्यांचा म्हशीशी संबंध नाही." त्यांनी नोंद केली: 'पिशवीला माता नसते.' शहरात दाखल्यासाठी सही लागणार नाही. चहाचा कप पुरावा म्हणून धरला जाईल.

तेव्हा तुमच्या दाराशी ते येतीलच. काळजीचं कारण नाही, फार नम्र आहेत. रांगेत मागे उभं राहा म्हटलं तर राहतील. ते एकच विचारतील. आमचं रेडकू आमच्या डोळ्यांसमोर आहे, त्याचं पोट बघून आम्ही जेवायला बसतो. तुमचं कुठे बांधलं आहे?

सावकाश आठवा. चहा घ्या तोवर, निवतोय.