चिठ्ठीत नसलेले खिसे

चिप सरांनी सकाळी नऊ वाजता कपडे धुवायच्या मशीनचं दार लावलं, बटण दाबलं, आणि गोल काचेतून आपली करडी पँट पहिली गिरकी घेताना पाहिली. तेव्हा त्यांना आठवलं की तिच्या मागच्या खिशात त्यांचं दुपारचं भाषण आहे.

चिप सर हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. कॉलेजात तीस वर्षं त्यांनी मायक्रोप्रोसेसर हा एकच विषय शिकवला, तोही त्याच बारा कार्डांवरून. कार्डं पिवळी पडली, चिपची दुनिया कुठल्या कुठे गेली, पण सातव्या कार्डावरचा विनोद सातव्या कार्डावरच राहिला. निवृत्तीनंतर सहा वर्षं कॉलेजला सरांची आठवण झाली नव्हती. आता झाली होती. आज चार वाजता ‘मायक्रोप्रोसेसरचा इतिहास’ यावर त्यांचं व्याख्यान होतं. कार्डं घरी राहू नयेत म्हणून त्यांनी ती कालच खिशात घालून ठेवली होती.

"अगं, खिसे बघायला सांगायचंस ना!" ते ओरडले.

बायकोने मशीनवरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. तिचा खांदा दुखत असल्याने आजपासून धुणं सरांकडे आलं होतं, आणि सरांच्याच मागणीवरून तिने क्रमवार सूचना लिहून दिल्या होत्या. एक, कपडे आत टाका. दोन, पावडर टाका. तीन, दार लावा. चार, बटण दाबा.

"खिसे बघायचं माणसाला कळतं, म्हणून नाही लिहिलं."

"सूचनेत नसेल ते प्रोसेसर करत नाही," असं म्हणत सरांनी झटक्यात प्लग उपटला.

मशीन थांबलं, पण दार उघडेना. सरांनी प्लग पुन्हा लावला, तर मशीनने जिथे सोडलं होतं तिथूनच धुणं पुढे सुरू केलं. पुन्हा उपटला, पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"बघितलंस? वीज गेली तरी आपण कुठे होतो ते विसरत नाही!" सरांचा ऊर भरून आला. आत कार्डांचा लगदा होत होता, ते क्षणभर तेच विसरले.

"तुम्ही मात्र चष्मा आणायला आत जाता आणि पेपर घेऊन बाहेर येता."

"याला इंटरप्ट द्यायला हवा," सर म्हणाले. "म्हणजे चालू काम बाजूला ठेवायला लावायचं." आणि त्यांनी सगळी बटणं एकदम दाबली. मशीनने तीनदा शिट्टी मारली, पडद्यावर काहीतरी लाल अक्षर लुकलुकू लागलं आणि सगळंच ठप्प झालं.

"याची माहितीपुस्तिका कुठे आहे?"

"मशीन आलं त्याच दिवशी तुम्ही रद्दीत घातलीत. ‘मला पुस्तिका? मी हे शिकवलंय,’ म्हणालात."

मेकॅनिकला फोन झाला. तो दीडपर्यंत येतो म्हणाला. तोवर कार्डांवाचून काय आठवतंय ते बघावं म्हणून सरांनी बायकोसमोर तालीम सुरू केली.

"एकोणीसशे एकाहत्तर. एका कंपनीला हिशेबाच्या यंत्रासाठी डझनभर वेगवेगळ्या चिप हव्या होत्या. बनवणाऱ्यांना सुचलं, एवढ्या कशाला? त्यात एक अशी करू, की जी सूचना द्याल ते काम ती करेल. तो पहिला मायक्रोप्रोसेसर."

"तोच आहे का आपल्या मशीनमध्ये?"

"छे! यात मायक्रोकंट्रोलर. प्रोसेसर म्हणजे नुसता मेंदू. स्मरणशक्ती बाहेरून जोडायची, कान-डोळे बाहेरून, हात-पाय बाहेरून. कंट्रोलरमध्ये बरंचसं एकाच चिपच्या पोटात."

"म्हणजे तुम्ही प्रोसेसर," बायको म्हणाली.

"मी?"

"मेंदू तुमचा. तुमच्या गोळ्यांच्या वेळा माझ्याकडे, किल्ल्या माझ्याकडे, तुमच्या बहिणीचा वाढदिवस माझ्याकडे. दारात कोण आलंय तेही मीच सांगायचं. मला नाही काही बाहेरून जोडावं लागत. दुधाशी उभी असताना बेल वाजली की गॅस बारीक करते, दार उघडते, परत दुधाशी येते. तुमचा तो इंटरप्ट का काय!"

हे बारापैकी एकाही कार्डावर नव्हतं.

दीड वाजता मेकॅनिक आला आणि सरांना बघून थबकला. "सर, तुम्ही मला दोनदा नापास केलंत."

"मी नाही केलं, तू झालास. मशीनचा सर्किट बोर्ड जळलाय का बघ."

मेकॅनिकने मशीनच्या खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडलं, पसरट ताट लावलं आणि आतली गोल कळ फिरवली. दोन-तीन ताटं पाणी निघालं. मग त्याने मशीन चालू केलं, आणि दार खट्कन सुटलं.

"बोर्ड शहाणा आहे, सर. आत पाणी असताना दार उघडायचं नाही, एवढं त्याला शिकवलंय."

"हे कुठे लिहिलंय?"

"माहितीपुस्तिकेत."

पँटच्या खिशातून बारा कार्डांचा एक करडा गोळा निघाला. सर तो हातात घेऊन स्टुलावर बसले. "सहा वर्षांनी बोलावलंय गं," ते हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच बघवत नव्हता. "काय सांगू मी तिथे?"

"मघाशी मला सांगितलंत ते."

"त्यातलं चांगलं ते तू सांगितलंस."

चार वाजता काळ्या पँटमध्ये सर व्यासपीठावर उभे राहिले आणि सवयीने त्यांचा हात कार्डांसाठी मागच्या खिशात गेला. खिसा रिकामा होता. पहिल्या रांगेतून बायकोने आधी त्यांच्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे. सरांनी घसा खाकरला.

"आमच्या घरी एक प्रोसेसर आहे आणि एक कंट्रोलर."

सभागृहात हशा पिकला. पुढचा तासभर मुलं जागी होती, हेच सरांच्या कारकिर्दीत नवीन होतं. विभागप्रमुख भारावून गेले. त्यांनी सरांना बाजूला घेऊन घाईघाईने लिहिलेल्या पत्राचं एक पाकीट दिलं.

"हे बाईंना द्या. पुढच्या वर्षी व्याख्यान त्यांनीच द्यावं, अशी मुलांची इच्छा आहे."

"अवश्य," सर म्हणाले आणि त्यांनी पाकीट मागच्या खिशात घातलं.

"काय म्हणत होते?" बायकोने वाटेत विचारलं.

"काही नाही. पाणी हवंय का म्हणाले."

दुसऱ्या दिवशी मशीनवर नवी चिठ्ठी होती. एक, खिसे बघा. बाकीचं कालचंच. नऊ वाजता मशीन सुरू झालं आणि सर पेपर घेऊन बसले.

"खिसे बघितलेत ना?"

"बघितले की."

"काय होतं?"

"तुझ्या नावाचं एक पाकीट होतं. कॉलेजातून."

"मग काढलंत?"

"काढायचं कुठे लिहिलंय?" सर पेपरातून मान वर न करता म्हणाले.

बायकोने मशीन बंद केलं, पसरट ताट आणलं, खालचं झाकण उघडलं आणि गोल कळ फिरवली. काल मेकॅनिकने काय केलं ते तिने एकदाच पाहिलं होतं.

"मशीन असं मुद्दाम करत नाही हो," ती म्हणाली. "त्यासाठी नवराच लागतो."