सर्वांस समान ऐकू येण्याबाबत

आमच्या नर्सिंग महाविद्यालयात दर तासाच्या शेवटी सर विचारतात, "समजलं का?" आणि साठ मुली एका सुरात म्हणतात, "हो सर." आष्ट्याच्या अलीकडे, उसाला लागून आमची इमारत आहे. ती उभी राहिल्यापासून ही प्रथा अखंड चालू असून आमचा शंभर टक्के निकाल तिच्यावरच उभा आहे. त्या दिवशी मात्र, लहान मुलांना वजनाप्रमाणे औषध किती द्यायचं हा पाठ संपल्यावर एक मुलगी उठली आणि म्हणाली, "न्हाई, सर."

क्रांती तिचं नाव. आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही कान अधू झालेले.

"सर, मला कमी ऐकू येतं आन् तुमी फळ्याकडं तोंड करून बोलता. आमच्याकडं जवळपास दवाखाना न्हाई. उद्या मीच तिथली सिस्टर हुणार. डोस चुकला तर पोर जाईल. लिहून द्या, न्हाईतर आमच्याकडं बघून बोला."

तिने हेच अर्जात लिहून दिलं, त्यामुळे समान माहिती समिती नेमणं भाग पडलं. अध्यक्ष संस्थेचे आप्पासो, चिटणीस मी. एकीला लेखी टिपणं द्यावीत, तर एकोणसाठ जणींवर अन्याय. साठही जणींना द्यावीत, तर झेरॉक्सवर आप्पासोंच्या वाढदिवसाची पत्रकं चालू होती. सर वळायला तयार नव्हते. वीस वर्षं फळ्याला शिकवलेलं, वर्गाकडे पाहिलं की त्यांना धडा आठवत नसे.

आप्पासो म्हणाले, "तिला कमी ऐकू येतंय, बाकीच्यास्नी जास्त. ही विषमता हाय. मिटवा."

मी मिटवली. सरांनी डोसचा पाठ पुन्हा घ्यावा, पण यापुढे इतक्या हळू शिकवावं की कोणालाच ऐकू येऊ नये, असं परिपत्रक काढलं. पंधरवड्यात वर्गात संपूर्ण समानता आली. "समजलं का?" ओठांतल्या ओठांत. "हो सर." खणखणीत.

पण वर्ग इतका शांत झाला, की मुली जाग्या आहेत का हे बघण्यासाठी सर हातात पुस्तक धरून वळून बोलू लागले. चाचणीत क्रांतीला पैकीच्या पैकी मिळाले आणि इतरांना भोपळा. पालक चिडले. आम्ही तिला समितीसमोर बोलावलं.

"तुला एकटीलाच कसं गं समजलं?" मी विचारलं.

"ओठ वाचते, सर. शाळेतबी तसंच शिकले."

"म्हंजे बाकीच्यांकडं न्हाई ते साधन तू वापरलंस," आप्पासो म्हणाले.

"मग त्यांना मोठ्यानं सांगा की! शिकायचं तर सगळ्यांनाच हाय."

हे उत्तर उद्धट असल्याची इतिवृत्तात नोंद आहे. सरांना मास्क सक्तीचा केला. वार्षिक परीक्षा तोंडी घेतली आणि तिच्यात एकच प्रश्न ठेवला: समजलं का? एकोणसाठ मुली उत्तीर्ण झाल्या. क्रांती पुन्हा 'न्हाई' म्हणाली. अतिरिक्त माहिती बाळगणे आणि असहकार या कारणांवरून तिचा निकाल राखून ठेवला. ती गावी परत गेली.

आज सकाळी माझ्या चार वर्षांच्या नातवाला, शंभूराजला, सणसणून ताप भरला. आरोग्य केंद्रात डॉक्टर नव्हते. आमचीच उत्कर्षा होती, त्याच तुकडीतली. तिने औषधाची बाटली हातात दिली आणि मास्कच्या आड काहीतरी पुटपुटली.

"किती द्यायचं, सिस्टर?"

ती पुन्हा तेवढ्याच हळू पुटपुटली. तिला ठाऊक नव्हतं, आणि ते माझ्याच सहीने ठाऊक नव्हतं. ज्या एका पोरीला हे सांगता आलं असतं, तिचा निकाल माझ्या कपाटात कुलूपबंद होता.

"समजलं का, सर?" उत्कर्षाने विचारलं. एवढंच तिला मोठ्याने येत होतं.

मागे रांग होती. सगळे माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणालो.

आता पोर मांडीवर फणफणतंय आणि मी चमचा धरून बसलोय. तुम्ही मला हसत असाल. खुशाल हसा. फक्त एवढं सांगा, मागच्या खेपेला डॉक्टरांनी तुम्हाला "समजलं ना?" असं विचारलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?