काचेपुढची रांग

"ट्रकची काच बसवणं म्हणजे काय मोठंसं? एक रबर, एक दोरी आणि थोडं साबणाचं पाणी! नऊला सुरुवात, अकराला काच जागेवर, बाराला मी तपासणी केंद्रात!"

शुक्रवारी सकाळी कॉफीचा इवलासा कप हातात धरून लिसार्दो मास्तरांनी ही घोषणा केली आणि बायकोपुढे एक कागद सरकवला. त्यावर प्रत्येक कामापुढे मिनिटं लिहिली होती. बावीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस! तो शिंकायचं झालं तरी आधी आलेख काढील!

"आणि नाही जमलं तर?" मिग्दालियाने विचारलं.

'नाही जमलं तर'साठी कागदावर रकानाच नव्हता.

आणि जमणं तर भाग होतं. शाळा सोडल्यापासून वडिलांच्या १९५१ सालच्या ट्रकमध्ये लाकडी बाकं टाकून मास्तर सान रुफिनो गावची माणसं बायामो शहरात नेत-आणत होते. घर त्यावर चालायचं. ट्रकचं इंजिन एका ट्रॅक्टरचं, ब्रेक कुठल्याशा बसचे, आणि हॉर्न तर बहुधा एखाद्या बोटीचा! पण धावत होता बिचारा. महिन्यापूर्वी दारातल्या झाडाने एक दगडासारखा कच्चा आंबा नेम धरून सोडला आणि पुढची काच गेली. काचेशिवाय तपासणीचा शिक्का नाही, शिक्क्याशिवाय परवाना नाही, आणि परवान्याची मुदत आज दुपारी चारला संपत होती.

काच मिळवायलाच महिना गेला. दोन थरांमध्ये पापुद्रा असलेली काचच कापता येते. दुसरी कापायला जावं तर तिचे तांदूळ होतात. शेवटी भंगारात निघालेल्या एका बसच्या काचेतून एक सपाट तुकडा कापून मिळाला. मास्तरांनी तो गोधडीत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन घरी आणला.

पद्धत सोपी. काचेभोवती रबर चढवायचं. रबराला बाहेरच्या बाजूने जी खाच असते तिच्यात सगळीकडून दोरी बसवायची. काच बाहेरून चौकटीवर टेकवायची आणि आत बसलेल्याने दोरी हळूहळू ओढायची, की रबराची कड पत्र्यावर टपटप चढत जाते. फक्त रबर घसरायला हवं. म्हणजे साबण हवा.

आता सान रुफिनोत तीन महिन्यांत साबणाची वडी कुणी पाहिली नव्हती. पण मिग्दालियाच्या कपाटात, चादरींच्या घडीत, बहिणीने मायामीहून पाठवलेली एक गुलाबाच्या वासाची वडी होती. मिग्दालिया कॉफीचे कप विसळत असताना मास्तरांनी ती उचलली. अर्धीच किसायची असं ठरवलं होतं. पण किसणीला अर्ध कुठे कळतं?

साडेनऊला मास्तर ट्रकच्या केबिनमध्ये दोरी धरून बसले. बाहेर शेजारचा ओस्मानी आणि त्याचा मेहुणा देलिओ एकामागे एक उभे राहून, हात वर करून काच दाबत होते. रबरावर फेस, काचेवर फेस, ओस्मानीच्या मिशीवर फेस! आणि गल्लीभर गुलाबाचा घमघमाट!

तेवढ्यात पोस्टातून निवृत्त झालेल्या ओबदुलियाबाई पिशवी घेऊन त्या वाटेने निघाल्या. त्यांना वास आला. त्यांनी एकामागे एक उभे असलेले दोन पुरुष पाहिले. आणि रांगेत उभं राहण्याआधी जे विचारायचं असतं ते जन्मभराच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघालं,

"शेवटचा कोण?"

देलिओचा गाल ओस्मानीच्या पाठीला चिकटला होता. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. या प्रश्नाला सान रुफिनोत माणूस झोपेतही उत्तर देतो.

"मी," तो म्हणाला.

झालं! ओबदुलियाबाई त्याच्यामागे उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे एक पाववाली. तिच्यामागे दोन नर्सबाई.

"काय आलंय?" नर्सने विचारलं.

"मला काय माहीत? वास घे ना!"

"अगं बाई! साबण!"

पाच मिनिटांत पंधरा माणसं झाली. मास्तरांनी आतून पाहिलं आणि ओरडले, "अहो, इथे काही नाही! काच बसवतोय!" पण समोर काच, काचेवर फेस. बाहेरच्यांना फक्त दोन्ही हात हलवणारे मास्तर दिसले.

"काय म्हणतायत?"

"नाही म्हणतायत."

"म्हणजे थोडाच आहे," ओबदुलियाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून वही काढली. "चला, नंबर लावून घेऊ. उगाच गोंधळ नको."

मास्तर दार उघडून पायरीवर उभे राहिले. "बाई, शपथ घेऊन सांगतो, साबण नाही!"

"मास्तर, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला खोटं बोलता येत नाही," बाई मायेने म्हणाल्या. "कोपरापर्यंत फेस आहे तुमच्या!"

दहा वाजता चाळीस नंबर झाले. एक म्हातारा खुर्ची घेऊन आला. एकीने बहिणीसाठी, नणंदेसाठी आणि अजून झोपेत असलेल्या नवऱ्यासाठी जागा धरली, तेव्हा जी बाचाबाची झाली तिच्यापुढे बेसबॉलचा अंतिम सामना म्हणजे प्रार्थनासभा! शेंगदाणेवाला आला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ओस्मानीने काच दाबायची सोडली.

"दाब की रे!" मास्तर ओरडले. दोरी अर्धी निघाली होती. खालची कड बसली होती, वरची हवेत होती.

"मास्तर, एक विचारू? खरंच नाहीये का?"

"लेका, तू सकाळपासून काच धरून उभा आहेस! तुझ्यासमोर बादलीत फेस केला मी!"

"ते खरं आहे," ओस्मानी डोकं खाजवत म्हणाला, "पण इतकी माणसं वेडी असतील का?"

आणि तो आपला पहिला नंबर वहीत लिहून घ्यायला गेला. मागोमाग देलिओही गेला. काच पुढे कलली! मास्तरांनी दोरी दातात धरली, दार ढकलून बाहेर उडी मारली आणि काच कपाळाने रोखली. महिन्याभराची मेहनत आणि घराची चूल एका कपाळावर तोललेली!

"चार हात द्या हो कुणीतरी!" ते दातातल्या दोरीमागून ओरडले.

रांगेतली माणसं हळहळली. पण जागा कोण सोडणार?

"असं करू," ओबदुलियाबाई म्हणाल्या, "एक ते दहा नंबर क्रमाने पुढे येतील. प्रत्येकाने वीस आकडे मोजेपर्यंत दाबायचं आणि जागेवर परत जायचं. घुसायचं नाही!"

मास्तर पुन्हा आत चढले. नंबर एक, नंबर दोन, नंबर तीन... ओबदुलियाबाई आकडे मोजत होत्या, मास्तर दोरी ओढत होते. सहाव्या नंबरच्या नर्सने तळहात टेकला आणि टप्! रबराची शेवटची कड पत्र्यावर चढली. काच बसली! गल्लीत टाळ्या झाल्या.

"आता वाटप!" कोणीतरी ओरडलं.

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला आणि पुढच्या कामाला लागले. रबराच्या फटीतून पाणी झिरपू नये म्हणून त्यांनी डांबर रॉकेलमध्ये पातळ केलं होतं. डबा उघडून ते एका सळईने फटीत भरू लागले. दोन मिनिटांत ट्रकच्या दुसऱ्या बाजूला एक माणूस रिकामा कॅन घेऊन उभा राहिला.

"रॉकेलसाठी शेवटचा कोण?"

रॉकेलची रांग वेगळी लागली! आणि तिला वही नव्हती, म्हणून ओबदुलियाबाईंनी वहीचं मागचं पान उघडलं.

या सगळ्यात मिग्दालियाने कपाट उघडलं होतं. ती दारात आली तेव्हा तिच्या हातात रिकामं वेष्टण होतं.

"लिसार्दो."

"अगं, चुरा राहिलाय थोडा..."

"इंजिनियर तरी व्हायचंस! निदान तू पूल पाडला असतास, माझं कपाट वाचलं असतं!" आणि ती पिशवी उचलून, कुणाकडे न बघता निघून गेली.

दोन्ही रांगांना 'नाही, नाही' सांगता सांगता सव्वातीनला शेवटची फट भरली. मास्तरांनी ट्रक सुरू केला, तशी रांग चवताळली. "माल कुठे चालला?" पण ओस्मानीने सगळ्यांना समजावलं की ट्रकमध्ये तर बाकांशिवाय काही नाही, म्हणजे माल घरात आहे. सगळ्यांना ते पटलं. मास्तर सुटले!

गावाबाहेरच्या तपासणी केंद्राला कुलूप होतं. बाकावर पहारेकरी बसला होता.

"साहेब कुठे गेले?"

"तपासणीला," पहारेकरी म्हणाला. मग इकडेतिकडे पाहून पुढे वाकला. "तुमच्याच गल्लीत, मास्तर. साबण आलाय म्हणे. माझाही नंबर धरणारेत."

ट्रकचं इंजिन ट्रॅक्टरचं असलं तरी परत येताना मास्तरांनी त्याला विमानाचं केलं. साडेतीनला ते गल्लीत पोचले. निरीक्षक निवार्दोसाहेब रांगेत होते. बाजूला फायलींची कातडी बॅग, बॅगेत शिक्का.

"साहेब, पाच मिनिटं! ट्रक इथेच आणलाय. चारला मुदत संपते!"

"मास्तर, ड्यूटी म्हणजे ड्यूटी," निवार्दोसाहेब म्हणाले. "पण माझी जागा गेली तर? मागच्या बाई माझ्याकडे कशा बघतायत ते बघा. माझा नंबर येऊ दे, मग बघू."

"साहेब, नंबर येणारच नाही! काही नाहीये!"

"सगळे तेच सांगतात," साहेब शांतपणे म्हणाले.

दिवसभर खरं बोलून मास्तर थकले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं: पावणेचारला पाच कमी. साहेबांना जागेचीच चिंता आहे ना? मग जागेला किंमतच उरू द्यायची नाही! ते ट्रकच्या नाकावर चढले आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ सरळ खोटं बोलले.

"लोकहो! साबण आहे! भरपूर आहे! प्रत्येकाला मिळणार आहे! कुणीही काळजी करू नका!"

ओबदुलियाबाईंनी वही मिटली.

"संपला," त्या म्हणाल्या.

"काय संपला?"

"जो काय होता तो. भरपूर आहे, सगळ्यांना मिळेल, काळजी करू नका, असं सांगायला लागले की घरी जायचं असतं, मास्तर. चला, पाय दुखायला लागले."

खुर्चीवाल्याने खुर्ची उचलली. रॉकेलवाल्यांनी कॅन उचलले. दोन मिनिटांत गल्लीत शेंगदाण्यांची टरफलं उरली आणि निवार्दोसाहेब. त्यांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. मग एक उसासा सोडून बॅग उघडली.

त्यांनी तपासणी मात्र कसून केली. दिवे, ब्रेक, बोटीचा हॉर्न. मग पाण्याची अख्खी बादली काचेवर ओतून ते केबिनमध्ये बसले आणि रबराच्या कडेने बोट फिरवत राहिले. बोट कोरडं! चारला चार मिनिटं असताना कागदावर शिक्का पडला. मास्तरांना साहेबांच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

"साहेब, एक सांगायचं होतं. तो साबण..."

"नाहीच, ठाऊक आहे मला. आल्या आल्याच लक्षात आलं."

"मग उभे का राहिलात?"

"आणि निघून गेल्यावर आला असता तर?"

तेवढ्यात कोपऱ्यावरून मिग्दालिया आली. तिच्या हातात एक नवी कोरी, पिवळी साबणाची वडी होती!

"रेशनच्या दुकानात दोनला आला," ती म्हणाली. "खोकीच्या खोकी! दुकानदारीण तासभर दारात उभी होती. कुणी फिरकलंच नाही. मी एकटीच! शेवटी म्हणाली, या गावाला साबण नको दिसतोय, आणि गाडी तशीच पुढच्या गावाला लावून दिली."

निवार्दोसाहेब खाली बसले. मग एकदम उठले.

"मास्तर, तुमचा ट्रक तिकडे जाईल ना? आता तर शिक्काही आहे!"

"जाईल की!" मास्तर छाती पुढे काढून म्हणाले. नवी काच, नवा शिक्का, आणि पहिलाच प्रवासी खुद्द निरीक्षक! ते वळले तर काय? ट्रकच्या बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती, आणखी चढत होती. ही बातमी मिग्दालियाच्या आधी गल्लीत पोचली होती. केबिनमध्ये चालकाशेजारच्या जागेवर ओबदुलियाबाई वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"साहेब, मागे चढा, तुमचं नाव आहे यादीत," त्या म्हणाल्या आणि पेन्सिलीचं टोक ओठांवर टेकवून मास्तरांकडे वळल्या. "तुम्ही मात्र दिवसभर नंबरच लावला नाहीत. एकशे त्रेचाळीस लिहू?"

"अहो, पण गाडी माझी आहे!"

"म्हणून तर सांगते. सगळ्यांना उतरवून, गाडी लावून, मग या. सगळ्यात शेवटी."

मास्तरांनी मुकाट्याने चावी फिरवली. काच मात्र इतकी लख्ख बसली होती की आपल्या पुढे एकशे बेचाळीस माणसं उभी असलेली त्यांना आत्तापासूनच स्पष्ट दिसत होती.