चित्र स्थिर, आवाज नाही

रविवारी सकाळी टीव्हीवर सासरे दिसायला हवे होते. त्यांच्या जागी गादीची जाहिरात लागली.

समोर खुर्चीत बसलेल्या सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गादी तिथेच होती. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"सूनबाई, मी कुठे गेलो?"

सून त्याच वाहिनीच्या तांत्रिक विभागाची प्रमुख होती. तिने चहाचा घोट गिळायला जरा जास्तच वेळ घेतला.

निवृत्त झाल्यापासून सासरे त्या वाहिनीवर 'गळ' नावाचा कार्यक्रम करत. अर्धा तास ते नदीकाठी गळ टाकून बसत. बोलत नसत, कारण मासे बिचकतात. हलत नसत, त्याच कारणाने. शेवटी "पुढच्या रविवारी पुन्हा बघू," एवढं म्हणून उठत. इतक्या वर्षांत गळाला एकही मासा लागला नव्हता. तरी कार्यक्रम चालू होता, आणि तो कोण बघतं याची चौकशी कोणी केली नव्हती.

आणि गेल्या आठवड्यात वाहिनीने आपलं सगळं काम क्लाउडवर नेलं होतं.

"क्लाउड म्हणजे नक्की काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आपले कार्यक्रम आता आपल्या कपाटात नाहीत, आई. लांबच्या एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर आहेत. तिथेच ठेवायचे, तिथेच तपासायचे, तिथूनच दाखवायचे."

"म्हणजे दुसऱ्याच्या माळ्यावर आपलं सामान."

"साधारण तसंच."

"आणि यांना माळ्यावर विसरलात."

विसरलं कोणीच नव्हतं, हीच पंचाईत होती. पूर्वी प्रत्येक कार्यक्रम एक तपासनीस आधी बघत असे. 'गळ' बघता बघता त्याला हमखास डुलकी लागे. जाग आली की तो 'निर्दोष' असा शेरा मारून घरी जाई. आता तपासणी यंत्र करत होतं आणि यंत्राला डुलकी लागत नव्हती. दहा सेकंद चित्र हललं नाही आणि आवाजही आला नाही, की कार्यक्रम बिघडला असं त्याने समजायचं आणि जाहिरात लावायची. हा नियम सुनेनेच घातला होता. सासऱ्यांबद्दल यंत्राने लिहिलं होतं, 'चित्र स्थिर. आवाज नाही. दुरुस्त करून पाठवा.'

सोमवारी ती वाहिनीच्या साहेबांकडे गेली.

"नियम अजिबात काढायचा नाही, मॅडम," साहेब म्हणाले. "मागे बातमीदार तोंड उघडं ठेवून गोठला होता, विसरलात? लोकांना वाटलं, बातमीच तेवढी भयंकर आहे. तुम्ही सासऱ्यांना हलायला सांगा. या रविवारी हलले तर ठीक, नाहीतर गादीवाले ती वेळ कायमची मागताहेत."

तिने क्लाउडच्या कंपनीला लिहिलं. कंपनीने कळवलं, 'कार्यक्रम नीट चालू असतानाचा नमुना पाठवा.' तिने एक जुना भाग पाठवला. उत्तर आलं, 'हाही अडकलेला दिसतो.'

संध्याकाळी तिने घरी विषय काढला.

"बाबा, मध्ये मध्ये थोडं हलाल का?"

"मासे पळतील."

"पण बाबा, मासे आजवर कधी..." वाक्य तिने अर्ध्यावर सोडलं, पण उशीर झाला होता. सासरे गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांची पाठही स्थिर होती.

"हे हलायचे नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या लग्नात फोटोग्राफरने मला विचारलं होतं, श्वास घेतात ना म्हणून. मीच जाते बरोबर. बोलायचं आणि हातवारे करायचे, एवढंच ना?"

"एवढंच."

"अगं, मग त्यात काय!"

चित्रीकरणाच्या दिवशी सासूबाई छत्री आणि घडीची खुर्ची घेऊन नदीकाठी हजर झाल्या. गळ पाण्यात पडायच्या आत त्यांनी शेजारणीच्या ऑपरेशनपासून सुरुवात केली. तिथून त्या बिघडलेल्या गीझरवर आल्या आणि गीझरवरून नवऱ्याच्या थोरल्या भावावर. "अहो, ऐकताय ना?" असं त्या अधूनमधून विचारत. सासरे नदीकडे बघत होते. थोरल्या भावाचा मुद्दा रंगात आलेला असताना सासूबाईंनी डास मारायला हात उगारला. कोपर काठीला लागलं, काठीला जोराचा हिसका बसला, आणि पाण्यातून तळहाताएवढा मासा वर आला.

"अगं!" सासरे ओरडले.

यंत्राने शेरा दिला, 'निर्दोष.'

रविवारी कार्यक्रम लागला आणि संपायच्या आतच वाहिनीचे फोन वाजू लागले.

"मासा पकडलात? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती!"

"माझं बाळ याच कार्यक्रमावर झोपतं हो. आज बाळ दचकून उठलं आणि मीही!"

एक दंतवैद्य तर भडकलेच होते. "माझ्या दवाखान्यात रविवारी हाच कार्यक्रम लावलेला असतो, पेशंट शांत राहावेत म्हणून. माझं हत्यार एकाच्या तोंडात असताना तुम्ही 'अगं' काय ओरडता?"

शेवटचा फोन थेट साहेबांना आला. तो त्यांच्या आईचा होता. आईंना डॉक्टरांनी रक्तदाबासाठी 'गळ' बघायला सांगितलं होतं.

"मॅडम," सोमवारी साहेब म्हणाले, "तो मासा परत सोडा."

"बाबांनी तेव्हाच सोडला, साहेब."

"मग सगळं पहिल्यासारखं करा. कोणी बोलायचं नाही, कोणी हलायचं नाही. आणि नियमही तसाच ठेवा."

सून दिवसभर त्या नव्या व्यवस्थेचे कोपरे धुंडाळत बसली. शेवटी तिला एक वर्ग सापडला, ज्यातलं चित्र यंत्र कधीच तपासत नव्हतं. 'व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत' ही पाटी त्या वर्गात ठेवलेली होती. पाटी हलत नाही, हे यंत्राला मान्य होतं. तिने 'गळ' त्याच वर्गात टाकला. यंत्राने चकार शब्द काढला नाही. पुढच्या रविवारी सासरे अर्धा तास निश्चल बसले. बाळ झोपलं, दंतवैद्याकडे दात निघाले, साहेबांच्या आईंचा रक्तदाब उतरला.

बुधवारी खुद्द साहेबांची थेट मुलाखत होती, विषय 'आमचं क्लाउडवरचं यशस्वी स्थलांतर'. "आता आमच्या वाहिनीवर व्यत्यय हा शब्दच..." एवढं साहेब म्हणाले आणि संपर्क तुटला. यंत्राने तत्परतेने दिलगिरीच्या वर्गात हात घातला. तिथे सगळ्यात नवीन जे होतं, ते काढून लावलं. साहेब गेले आणि नदी आली. काठावर सासरे.

सून फोनपाशी धावली. फोन वाजत नव्हते. एकही वाजत नव्हता. उलट प्रेक्षकांचा आकडा, जो साहेब बोलत असताना मान टाकून पडला होता, तो हळूहळू उठून बसत होता.

थोड्या वेळाने साहेब स्टुडिओतून बाहेर आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ सासऱ्यांइतकेच स्थिर उभे राहिले.

"पाटी लावू का, साहेब?"

"नको," साहेब म्हणाले. "आई बघत असेल."

नवी व्यवस्था अंगवळणी पडेपर्यंत काही ना काही रोजच अडत होतं. शुक्रवारी संध्याकाळी सून दमून घरी आली, तेव्हा सासरे इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसले होते.

"आज तीनदा लागलो," ते म्हणाले. मग त्यांनी घसा खाकरला. "सूनबाई, उद्या साधारण किती वाजता बिघडेल? शेजारी विचारत होते."