गावंडे सरांचा मंगळवार

गावंडे सरांना कुणी विचारलं, "सर, चहा घेता का?" तर ते छताकडे बघून म्हणतात, "समजा, घेतला."

आता कप भरायचा की नाही? आमच्या शाळेचे शिपाई साहेबराव या प्रश्नाशी कित्येक वर्षं झुंजत आहेत. भरला, तर सर म्हणतात, "म्या समजा म्हनलं होतं." नाही भरला, तर दहा मिनिटांनी रिकाम्या टेबलाकडे बघून विचारतात, "माहा चहा कुठी हाय?" शेवटी साहेबरावांनी स्वतःपुरता तोडगा काढला. ते अर्धा कप आणून ठेवतात. सर तो पितात आणि दोघंही गप्प राहतात.

सर आमच्या अमरावतीच्या शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवतात. मी मराठी शिकवते. अकरा वर्षं झाली, शिक्षकखोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी आहेत. बीजगणित शिकवणाऱ्या माणसाला 'समजा' लागतंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सरांचा 'समजा' वर्गातून बाहेर पडला आणि गावभर फिरू लागला. एकदा ते सहज म्हणाले, "समजा, माही अकोल्याले बदली झाली." आम्ही हळहळलो. शनिवारी निरोप समारंभ ठेवला. हार आणला, शाल आणली, मी डोळे पुसत भाषण केलं. सरांनी हार घातला, शाल पांघरली, पेढा खाल्ला. सोमवारी साडेदहाला ते नेहमीच्या खुर्चीत बसलेले. मुख्याध्यापक तायडे सर दारातच थबकले. गावंडे सर शांतपणे म्हणाले, "मले वाटलं, तुमी बी समजाच करून राहिले."

शाल अजून त्यांच्याकडेच आहे.

रस्त्याने चालायचीही त्यांची एक तऱ्हा आहे. ते मैदानाच्या कडेने कधी जात नाहीत. या कोपऱ्यातून थेट त्या कोपऱ्यात. "दोन बाजू चालण्यापेक्षा कर्ण कमी भरते, मॅडम." मधे व्हॉलीबॉलची मॅच चालू असली तरी कर्ण कमीच भरतो, म्हणून सर जाळीखालून वाकून पलीकडे जातात. भाजीबाजारात तर एका वांगेवालीने त्यांच्यासाठी दुकानाच्या मधोमध पायवाट सोडली आहे.

शाळा उघडायच्या आधी, जूनमध्ये, सर दहावीचं आख्खं पुस्तक नव्या वहीत पुन्हा सोडवून काढतात. पहिल्या उदाहरणापासून शेवटच्यापर्यंत, दर वर्षी. मी एकदा म्हटलं, "सर, पुस्तक तर तेच आहे."

"पुस्तक तेच हाय," सर म्हणाले. "मी तोच हावो का नाई, ते पाहून राहिलो."

आणि शाळेचं वेळापत्रकही तेच करतात. आलेख कागदावर, पेन्सिलने. त्या वेळापत्रकात एक गोष्ट कधी बदलली नाही. शनिवारचा शेवटचा तास आणि सोमवारचा पहिला तास गावंडे सरांकडे नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सरांच्या पत्नी, कमलवहिनी, अकोल्याच्या पलीकडे एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवत. रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं. मुलगी तिथेच आजीआजोबांजवळ वाढली आणि लग्न होऊन नागपूरला गेली. सर दर शनिवारी बडनेऱ्याहून गाडी पकडायचे आणि सोमवारी सकाळच्या गाडीने परत यायचे. असं सव्वीस वर्षं चाललं.

यंदा शाळा सोमवारी उघडणार होती आणि त्याआधीचा बुधवार उजाडला तरी वेळापत्रकाचा पत्ता नव्हता. तायडे सरांनी मला फोन केला. "मॅडम, गावंडे सर रोज सकाळी सातला शाळेत येऊन बसतात. काय करतात, मले समजत नाई. जरा पाहा."

मी गेले. शिक्षकखोलीत खाली, वर, खिडकीत, सगळीकडे आलेख कागद. मधे सर. मी एक कागद उचलला आणि चक्रावलेच. शनिवारचा शेवटचा तास, गावंडे. सोमवारचा पहिला, गावंडे. कार्यानुभव, गावंडे. खेळ, गावंडे. मुलींच्या शिवणकामाचा तास, तोही गावंडे.

"सर, हे काय? तुम्ही शिवण शिकवणार?"

"समजा, शिकवली."

"आणि अकोल्याला कधी जाणार?"

सरांनी पेन्सिल कानावर ठेवली. "मॅडम, समजा, एक मानूस हाय. त्याची बायको दुसऱ्या गावाले रायते."

"बरं."

"समजा, ते नोकरी सोडून त्याच्या घरी रायले आली. इतवार चांगला गेला. सोमवार बी भागला. आता समजा, मंगळवार आला."

"मग?"

"मंग काय? मंगळवारी त्या मानसानं काय बोलाव?"

मला वाटलं, नववीसाठी तोंडी उदाहरण तयार करताहेत. मी चक्क विचारलं, "यात काढायचं काय आहे?"

"तेच तं समजून नाई राहिलं," सर म्हणाले आणि खोडरबर घासू लागले.

मी घरी निघाले. राजकमल चौकात सिग्नलला उभी होते, तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला की हे उदाहरण नव्हतं. मागची गाडी हॉर्न वाजवत होती आणि मी तशीच उभी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेळापत्रकाचं निमित्त करून मी साईनगरात सरांच्या घरी गेले. सर अर्थातच शाळेत होते. दार कमलवहिनींनी उघडलं. त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते. बाई ठेंगण्या, हसऱ्या चेहऱ्याच्या. तीस वर्षं पहिलीला शिकवल्यामुळे त्या प्रत्येक गोष्ट सावकाश आणि दोनदा सांगतात.

"या. आत या. बसा. खुर्चीवर बसा."

खुर्ची एकच होती. भिंतीला कपडे अडकवायची खुंटी एक. मांडणीवर ताट एक, वाटी एक आणि पेला एक. शेजारी नवीन घेतलेलं दुसरं ताट, त्याचा कंपनीचा कागदही अजून काढलेला नव्हता. दिवाणावर एक बॅग होती, अर्धी भरलेली.

"वहिनी, कुठे गावाला?"

"शनवारी चालली मी, अकोल्याले. तिथचं घर अजून सोडलं नाई." त्यांनी एक साडी घडी करून बॅगेत ठेवली, मग काढली आणि पुन्हा घडी केली. "गुडघे दुखतात म्हून म्या नोकरी सोडली. म्हनलं, आता तरी एका घरात राहू. मॅडम, हे सकायी सातले शायेत जातात. शाया बंद हाय. बंद शायेत कोन जाते?"

मी खुर्ची जरा पुढे ओढली.

"जेवाले घरी येतात. ताटावर बसतात. आन मले विचारतात, 'प्रवास ठीक झाला नं?' रोज विचारतात! म्हनलं, कोनता प्रवास? सैपाकघरातून इथलोक तं आली मी." त्या हसल्या. मग हसू थांबलं. "सुट्ट्यांत बी आमी दोघंच असं कधी राह्यलोच नाई. तिकडं घर भरून मानसं असत. इथी आता दोघंच, तं त्यायले माही अडचन होऊन राहिली. सांगत नाईत, पन मले दिसते नं."

मी तिथून सरळ शाळेत गेले. सर शिवणकामाच्या तासाला तिरपी रेघ मारत होते. मी आडपडदा न ठेवता सांगितलं, "सर, वहिनी शनिवारी अकोल्याला चालल्या."

"चालल्या?" सरांची पेन्सिल थांबली. "इतवारी येतीन नं वापस?"

"नाही सर. राहायलाच चालल्या. त्यांना वाटतं, त्यांची तुम्हाला अडचण होते."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. डोक्यावरचा पंखा कटकट करत होता. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून एक लहानशी वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

मी उघडली. पानोपान सरांचं बारीक अक्षर. 'सोमवार. साहेबरावचा चष्मा माठात पडला, त्याने तो पाण्यातच शोधला आणि सापडत नाही म्हणून चष्मा मागितला. बुधवार. आठवी ब मधली एक पोट्टी म्हणे, सर, शून्याने भागायचं नाही, एवढा काय त्याने गुन्हा केला? गुरुवार. काळे मॅडमला हसता हसता ठसका लागला, कारण समजले नाही.' काळे मॅडम म्हणजे मी. काही नोंदींपुढे लाल शाईने बरोबरची खूण होती, वह्या तपासताना करतात तशी.

"ह्या खुणा?"

"जिथी ते हसली, तिथी बरोबर," सर म्हणाले. "आठवडाभर जमा करतो मी. शनवारी गाडीत बसून निवडतो. सहा दिवसांतले तीनक बरे निंगतात. इतवारी तेवढे पुरतात." त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला. "मॅडम, तिले वाटते, मी लय गमत्या मानूस हावो. सव्वीस वर्सं वाटते. आता रोज मले पाह्यन, तं तिले समजन."

"काय समजेल?"

"का बाकीचे दिवस मी नुसता बसून असतो. माह्याजोळ सांगासारखं काईच नसते."

"म्हणून तुम्ही सगळे तास घेतले?"

"जास्त तास घेतले, तं जास्त काई घडन."

अकरा वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसून डबा खाल्ला. त्यांचं मला काही समजलेलं नव्हतं. मी ते कागद गोळा केले, माझ्या पिशवीत कोंबले आणि म्हटलं, "चला सर. घरी."

"आत्ता? दुपारचे बारा नाई वाजले."

"म्हणूनच चला."

माझ्या स्कूटीच्या मागे सर दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे धरून बसले होते. साईनगर येईपर्यंत ते हात सुटले नाहीत. वहिनी दारातच होत्या.

"अवं माय! इतक्या लवकर? काय झालं? तब्येत बरी हाय नं? तब्येत?"

सरांचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता, वही माझ्याकडे राहिली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेरच्या जास्वंदीकडे पाहिलं. सर उंबऱ्यातच उभे राहिले, एक चप्पल पायात आणि एक बाहेर.

"काई नाई झालं," ते शेवटी म्हणाले. "आज शायेत काईच झालं नाई."

वहिनींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. शाळेच्या पहिल्या दिवशी दारात अडलेल्या पोरांकडे त्यांनी आयुष्यभर असंच पाहिलं असणार. मग त्या आत गेल्या, दिवाणावरची बॅग उचलून खाली ठेवली आणि मोकळ्या जागेवर हात फिरवला.

"बसा. इथी बसा. काई नाई झालं, ते सांगा."

सर बसले. वहिनी शेजारी बसल्या. दोघांच्या मधे एक बॅग मावेल एवढी जागा होती. मी वही खिडकीत ठेवली आणि आवाज न करता फाटकाकडे वळले. मागून सरांचा आवाज आला, वर्गात कधीच ऐकला नव्हता इतका हळू.

"सकायी गेलो, तं दाराले कुलूप होतं."

"मंग?" वहिनींनी विचारलं.