शून्य धुराची भट्टी

चिमूरच्या सोमाजीने बिनधुराची भट्टी बनवली, यात शासनाचा काहीही दोष नव्हता. त्याची बायको कमला वसतिगृहात तीनशे पोरांचा भात रांधायची आणि लाल डोळे घेऊन घरी यायची. सोमाजीचं वेल्डिंगचं दुकान. त्याने धानाच्या तुसावर जळणारी, पंखा लावलेली भट्टी जोडली आणि वसतिगृहात बसवली. भात झाला, धूर झाला नाही. त्या दिवशी कमला कोरड्या डोळ्यांनी घरी आली.

अशी भट्टी साऱ्याच वसतिगृहांत लागावी म्हणून वसतिगृहाच्या अधीक्षकांनी तपासणी मागवली. तपासणी अधिकारी आले, भट्टीभोवती फिरले आणि धुराडं कुठे आहे म्हणून विचारते झाले.

"धूरच नाई निघत साहेब, तं धुराडं कायले लावू?" सोमाजी म्हणाला.

"धूर नाही, हे आम्ही धुराड्यातच मोजतो," साहेब शांतपणे म्हणाले.

सोमाजीने मोजणीचं यंत्र बसेल एवढं आखूड धुराडं लावलं. यंत्राने शून्य दाखवलं. बंद यंत्रही शून्यच दाखवतं, तेव्हा शून्य ही नोंद धरता येत नाही, असं साहेबांनी समजावलं. धूर असावा, पण मर्यादेत. नाइलाजाने सोमाजीने तुसावर ओली लाकडं कोंबली. काटा हलला, साहेबांचा चेहरा खुलला. भट्टी 'धूरविरहित' म्हणून प्रमाणित झाली. अट एकच: चाचणीत वापरलं तेच जळण पुढेही वापरावं.

आता पंखा तो सगळा धूर त्या आखूड धुराड्यातून स्वयंपाकघरातच ढकलू लागला.

"मंग जुनी चूल काऊन वाईट होती?" कमलाने विचारलं.

भट्टीच्या लोकार्पणात सगळं सांगून टाकतो, असं सोमाजीने तिला वचन दिलं. ठरल्याप्रमाणे तो उठलाही. पण आधी शाल आली, मग श्रीफळ आलं, मग 'जिल्ह्याचे भूषण' आलं. माइक हातात आला तेव्हा त्याने आधी शाल सारखी केली. "साहेबांचं मार्गदर्शन नसतं, तर भट्टी अशी झालीच नसती," तो म्हणाला. वाक्य अक्षरशः खरं होतं. कमलाने मान फिरवली. शेजारच्या स्वयंपाकघरातला धूर मंडपात शिरला आणि मान्यवर रुमाल शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: 'ग्रामीण संशोधकाच्या सत्काराने मान्यवरांचे डोळे पाणावले.' बातमी तुम्हीही वाचलीत, चार ग्रुपवर पुढे पाठवलीत. फोटोत मागे एक बाई तोंडाला पदर लावून उभी होती. ती लाजते आहे, असंच तुम्हाला वाटलं.