टोख्टरचं गोत्र

मंडळी, बाब अत्यंत गंभीर आहे, सावरून बसा. युद्धाच्या दिवसांत हिंगोलीत जर्मनांचा एक हेर राहत होता आणि तो आमच्या शेजारीच होता: नाना मास्तर. हा शोध माझा. पोलीस चौकीच्या करीम जमादारांना खबर दिली तीही मीच.

पुरावे भक्कम होते. पेन्शनीत निघालेल्या नानांनी परभणीच्या रद्दीवाल्याकडून एक जाडजूड इंग्रजी कोश आणला, आणि तेव्हापासून ते शब्दांची गोत्रं विचारत सुटले. कोणी ‘टेबल’ म्हणालं की डोळे मिटून म्हणायचे, “गोत्र काय त्याचं?” त्यांच्या वहीत मात्र पानोपानी एकच शब्द: टोख्टर. भोवती डॉटर, दोहतर, आणि इकडून तिकडे बाण. आता बाण कोण काढतं? लष्कर. शिवाय रोज सकाळी ते गवळ्याच्या दारात उभे राहायचे, त्याची पोरगी गाय पिळायची ते बघायचे, आणि दूध न घेताच परत यायचे.

जमादार आले. साक्षीदार म्हणून मी हजर. हा टोख्टर कोण, कुठं राहतो, असं विचारून त्यांनी वही जप्त करायला हात पुढे केला. नानांनी ती छातीशी धरली.

मग वर्गात सांगावं तसं त्यांनी सांगितलं. टोख्टर म्हणजे लेक. जर्मनांची टोख्टर, इंग्रजांची डॉटर, जुन्या गॉथ लोकांची दोहतर आणि आपली संस्कृतातली दुहिता, सगळ्या एकाच कुळातल्या. काही पंडितांच्या मते दुहिता म्हणजे घरची गाय दोहणारी.

“तिकडं एकमेकांचे गळे कापून राहिलेत,” नाना म्हणाले, “पण लेकीला हाक एकच मारतात.”

जमादारांचा संशय काही फिटला नाही. “कोशात शब्द तर लई हायत, मास्तर. ह्योच काहून?”

नानांनी वहीवरून हात फिरवला.

“आमची शांता गाय पिळायची. नरसीला दिली. पहिल्या दिवाळीला मुराळी होऊन आणायला गेलो, तर व्याह्यांनी दारातून परत धाडलं. मी बी शपथ घातली, पुन्हा त्यांची पायरी चढणार न्हाई. आणायला माणूस गेल्याबिगर लेक कशी येईल? चार वर्षं झाली.”

जमादारांनी हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते वेगळंच.

“नाना, शपथ तुमची हाय, माझी न्हाई. मी जातो मुराळी.”